तळाला दगड, वर वीट

परवा वर्गात एक साधा शब्द अडला. एका जुन्या कथेविषयी बोलत होतो. नायक बाहेरून दमून येतो, देवडीत जोडे काढतो आणि ओसरीवर टेकतो, इतकाच प्रसंग. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, देवडी म्हणजे काय?"

मी म्हणालो, "दिंडीतून आत शिरलं की दोन्ही अंगांना जे ओटे असतात, पहारेकऱ्यानं बसायचे, ती देवडी."

"आणि दिंडी म्हणजे? वारीची?"

"वारीची नव्हे. मोठ्या दरवाजातच एक लहान दार असतं, वाकून आत जायचं, ती दिंडी."

"पण दारात दार कशासाठी?"

वाचकहो, वीस वर्षे मी मराठी शिकवीत आहे. पण त्या दिवशी जितका अडखळलो तितका क्वचितच अडखळलो असेन. एका शब्दाचा अर्थ सांगायला दुसरा शब्द लागत होता, दुसऱ्याला तिसरा, आणि त्यांतला एकही त्या खोलीत कुणाच्या डोळ्यांपुढे उभा राहत नव्हता. मुले हुशार होती. कुणी कोथरूडचे, कुणी हडपसरचे, कुणी पिंपरीचे. सारी सदनिकांत वाढलेली. शेवटी बार्शीकडून शिकायला आलेली एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे आमच्याकडची ढाळजच की! आमच्या आजोबांच्या वाड्यात आहे." सगळ्या वर्गात तो शब्द तिच्या एकटीच्या घरात जिवंत होता.

मी पुस्तक मिटले आणि म्हणालो, "रविवारी सकाळी आठ वाजता शनिवारवाड्यासमोर या. शब्द दाखवतो."

शनिवारवाड्याची भिंत

अकरा जण आले. आम्ही दिल्ली दरवाजासमोर उभे राहिलो. हा दरवाजा पुणेकराने शेकडो वेळा पाहिलेला असतो, म्हणजे पाहिलेलाच नसतो. मी मुलांना म्हटले, "दाराचे खिळे नंतर पाहा. आधी भिंत पाहा. काय दिसतं?"

थोडा वेळ गेला. मग एकजण म्हणाला, "खाली दगड आहे, वर वीट आहे."

अगदी बरोबर. तळाचा भाग काळ्या घडीव दगडाचा आणि त्याच्या वर विटांचे काम. पहिल्या बाजीरावाने या वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी केली. वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ रोजी. कोट दगडातच उभारायचा बेत होता. पण दगडी कोट बांधण्याचा मान छत्रपतींचा, तो पेशव्यांनी घेऊ नये, असा आक्षेप साताऱ्याहून आला, म्हणून वरचे काम विटांत झाले, अशी कथा पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. कथा राजकारणाची आहे. पण तिच्यात पुण्याच्या घरबांधणीचे सूत्रही सापडते. इथे लहानथोर सारी घरे अशीच बांधली जात: तळाला दगड, वर वीट, आणि दोहोंना तोलून धरायला लाकूड.

आत गेलो. मुले हिरमुसली. आत वाडा नाहीच! जोती आहेत, कारंजांचे हौद आहेत, हिरवळ आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात वाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत होती म्हणतात. दिवाणखाने, महिरपी, नक्षीचे छत, सारे सागवानी. ते जळून गेले. दगडाचे तेवढे उरले. आपण आज शनिवारवाडा म्हणून जे पाहतो ते त्या वाड्याचे कुंपण आहे. घर कधीच गेले.

भिंत उभी कशी राहते

तिथून आम्ही पेठांत शिरलो. पुण्याचा मूळ गाभा कसब्याचा. त्याच्या भोवती पेशवाईत एकेक पेठ वसत गेली. कुणाला वाराचे नाव मिळाले, कुणाला माणसाचे. सदाशिवरावभाऊंची सदाशिव, नारायणरावांची नारायण, नाना फडणिसांची नाना. पाणी कात्रजहून आणले ते नानासाहेब पेशव्यांनी, अठराव्या शतकाच्या मध्याला. तलावाचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून उताराने शहरात यायचे आणि जागोजागच्या हौदांत पडायचे. त्या नळाला हवा खेळण्यासाठी वर ठेवलेल्या धुराड्यांना 'उच्छ्वास' म्हणत. किती समर्पक शब्द! आता फडके हौद, नाना हौद, काळा हौद ही नावे लोक पत्ता सांगण्यापुरती वापरतात.

एका गल्लीत एक वाडा अर्धा उतरवलेला होता. एखाद्या ग्रंथाचे पान उलगडावे तशी त्याची भिंत उघडी पडली होती. आमचा खरा वर्ग तिथे भरला. सर्वांत खाली जोते, घडीव काळ्या दगडाचे. जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून ते कमरेइतके उंच. जोत्यावर ठरावीक अंतराने बसवलेले दगडी तळखडे, आणि एकेका तळखड्यावर एकेक सागवानी खांब. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. दोन खांबांमधली जागा म्हणजे 'खण'. घर मोजायचे ते खणांत. अमक्याचे घर पाच खणांचे, तमक्याचे नऊ खणांचे. चोळीचा खण आणि घराचा खण हे एकाच कुळातले शब्द हे ऐकून मुलींना मोठी मौज वाटली.

घराचा सारा भार या लाकडी सांगाड्यावर. भिंत असते ती दोन खांबांमधली पोकळी भरण्यासाठी. रस्त्याकडच्या अंगाला पक्की भाजलेली चपटी वीट, चुन्यात बसवलेली. हा चुना बैलाच्या घाणीत दिवसच्या दिवस मळावा लागे. आतल्या अंगाला मात्र पुष्कळदा कच्ची वीट, मातीत लावलेली, वरून मातीचाच गिलावा. खर्च वाचे, आणि घर उन्हाळ्यात गार राही. दोन हात जाडीची ती भिंत दुपारचे ऊन आत येऊच देत नसे. पण एक अट होती: वरची कौले शाबूत हवीत आणि पायाशी पाणी साचता कामा नये. कोरडी असेतो ही भिंत दीडशे वर्षे उभी राहील; भिजली की एका दिवसात बसेल.

मुलांपैकी एकाने विचारले, "सर, एका दिवसात खरंच?"

मी म्हटले, "चला, साक्षीदारच दाखवतो."

खांबावरची खाच

नारायण पेठेत नदीच्या अंगाला आमचा वाडा आहे. दोन चौकांचा, शंभरावर वर्षांचा. त्याला इतिहासात स्थान नाही. तिथे कुणी तह केला नाही, कुणी कट रचला नाही. एका कारकुनाच्या घराण्याने तो पै-पै साठवून बांधला आणि पुढे गरज पडली तशी एकेक खोली बिऱ्हाडांना दिली. माझे बालपण तिथे गेले. मी पंधरा वर्षांचा असताना आम्ही कोथरूडला गेलो. माझी आत्या मागे राहिली ती आजतागायत. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झाली; आता सत्तरी ओलांडली आहे.

देवडीतून आत आल्यावर उजव्या हाताच्या तिसऱ्या खांबावर, माझ्या डोक्याच्याही वर, पटाशीने पाडलेली एक खाच आहे. ती माझ्या आजोबांनी पाडली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याची भिंतही त्या लोंढ्याने खचली आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी चढले ते त्या खाचेपर्यंत.

आत्या तेव्हा आठ वर्षांची होती. मुलांना समोर बसवून तिने सांगितले: "शाळेत निघाले होते. रस्त्यात माणसं पळताना दिसली. आईनं मला आणि धाकट्या भावाला धरलं आणि पेरू गेटापाशी मावशीकडे नेलं. बरोबर काय घेतलं, तर देवातला बाळकृष्ण आणि दुधाचं पातेलं! तीन दिवसांनी परत आलो. पुढची भिंत होती तशी होती. मागच्या चौकाची भिंत मात्र नव्हतीच. कोसळली म्हणू नये, विरघळली. खांब उभे, तुळया जागच्या जागी, वरची खोलीही तशीच, आणि मध्ये भिंत नाही. वरच्या खुंटीवर वडिलांचा कोट लोंबत होता, तो रस्त्यावरून दिसत होता."

मुले गप्प झाली. मघाशी गल्लीत पाहिलेली भिंत आता त्यांना नीट कळली. चुन्यातली पक्की वीट टिकली, मातीतली कच्ची गेली, आणि लाकडाने घर तोलून धरले. त्या दिवशी अशी किती घरे बसली! पूरग्रस्तांसाठी मग गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहती झाल्या. पुणे पेठांबाहेर पसरले त्याला इतरही कारणे होती. पण पुष्कळ कुटुंबांनी पेठ सोडली ती त्या दुपारी.

कुणाचे वाचते, कुणाचे पडते

पुण्यात काय टिकले आहे हे एकदा मोजून पाहावे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा आहे. तिथे १८२१ साली इंग्रजांच्या अमलात संस्कृत पाठशाळा निघाली, १८७९ साली त्याला आग लागली, पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्या भरल्या. तरी त्याच्या दर्शनी भागातले कोरीव लाकूडकाम आज पाहायला मिळते, कारण महापालिकेने त्याची निगुतीने दुरुस्ती केली. १८८६ साली उघडलेली मंडई आहे, मधोमध अष्टकोनी मनोऱ्याची. ती बांधण्यावर पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घालावा म्हणून जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, आणि आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे! येरवड्याला डेक्कन कॉलेजची १८६८ ची दगडी इमारत आहे. ही सारी सार्वजनिक बांधकामे. त्यांच्यामागे संस्था आहे, सरकार आहे, अंदाजपत्रक आहे.

पण जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या भिड्यांच्या वाड्यात, म्हणजे एका खासगी घरात. तो वाडा वर्षानुवर्षे दावे-प्रतिदाव्यांत अडकून मोडकळीस आला आणि २०२३ च्या डिसेंबरात उतरवला गेला. तिथे स्मारक व्हायचे ठरले. स्मारक हवेच. पण ज्या भिंतींच्या आत पहिले पाढे म्हटले गेले त्या भिंती गेल्या, त्या गेल्याच.

मग आमच्यासारख्यांच्या वाड्यांचे काय? त्यांचे दुखणे साधे आहे. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत गरीब भाडेकरूला त्याचा आधारच झाला. पण पन्नास वर्षे ती भाडी तिथेच राहिली. १९९९ च्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा मिळाली. मूळच मूठभर, त्यावर चार टक्के ते काय? आमच्याकडचे एक बिऱ्हाड आजही महिना साठ रुपयांच्या आत भाडे देते. एकदा कौले शाकारायची म्हटले तर सगळ्या बिऱ्हाडांचे कित्येक वर्षांचे भाडे त्यात जाईल. मालक म्हणतो, मी का खर्च करू? भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही, मी का करू? तेवढ्यात एक कौल सरकते, पावसाचा थेंब मातीच्या भिंतीवर पडतो, आणि त्याला मात्र कुणाचे घर याच्याशी कर्तव्य नसते. दर पावसाळ्याच्या तोंडी महापालिकेची माणसे येतात आणि धोकादायक म्हणून नोटीस लावून जातात. तीन वर्षांपूर्वी ती आमच्याही दारावर लागली.

आत्याचा जबाब

खरे सांगायचे तर त्या रविवारच्या सहलीत माझा थोडा स्वार्थ होता. वाडा पाडून तिथे इमारत बांधायचा करार तयार होता. भावंडांच्या सह्या झाल्या होत्या, भाडेकरू राजी होते. सही राहिली होती ती माझी एकट्याची. चार महिने मी कागद टेबलाच्या खणात ठेवून दिला होता. मला वाटले, मुलांना वाडा आवडेल, आत्या गहिवरेल, आणि मला नाही म्हणायला बळ येईल.

मुलांना वाडा आवडला. तुळशीवृंदावन आवडले, आड आवडला, कोनाडे आवडले. एक मुलगी म्हणाली, "आजी, किती छान होतं ना तुमचं आयुष्य! सगळे एकत्र, मोकळा चौक, गार हवा…"

आत्या हसली. म्हणाली, "चल, तुला माजघर दाखवते."

माजघरात भर सकाळी दिवा लावावा लागला. आत्या म्हणाली, "चौक होता तो पुरुषांचा आणि पोरांचा, बरं का. बायका इथे. पलीकडे स्वयंपाकघर, त्याच्या धुराला बाहेर जायला वाट नाही. माझी आजी बाराव्या वर्षी या घरात आली आणि सत्तराव्या वर्षी गेली. त्यातली निम्मी वर्षं तिनं या अंधारात काढली. संडास मागच्या चौकात, सहा बिऱ्हाडांत दोन. रात्री-अपरात्री पावसात कंदील घेऊन जायचं. हा जिना पाहा, दोर धरून चढायचा. गेल्या वर्षी मी त्याच्यावरून पडले."

मग माझ्याकडे वळून, मुलांच्या देखत, ती म्हणाली, "अरे, तू कोथरूडला लिफ्टनं वर जातोस आणि इथे येऊन वाड्यावर लेख लिहितोस. वाडा तुला पाहायचाय. मला राहायचंय. सही कर."

वर्गात मी दुसऱ्यांदा निरुत्तर झालो.

त्यावर मी पुष्कळ विचार केला. आत्याचे म्हणणे खरे होते, आणि माझी हळहळही खोटी नव्हती. वाड्याने माणसांना एकत्र ठेवले, आणि त्याच वाड्याने काहींना अंधारात ठेवले. घर जुने म्हणून पवित्र होत नाही आणि जुने म्हणून टाकाऊही ठरत नाही. ज्या वाड्यांचा सांगाडा धड आहे तिथे मालकाला दुरुस्तीपुरते भाडे मिळावे, नगरपालिकेने करात सूट द्यावी, चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळावा, आणि आत चांगला संडास व उजेड आणावा. असे झाले तर पुष्कळ घरे राहण्याजोगी होतील. आमच्या वाड्याच्या तुळयांना मात्र वाळवी लागली होती. वेळ निघून गेली होती. मी सही केली.

उतरून घेतलेले

सहीपूर्वी दोन गोष्टी मात्र केल्या. एक म्हणजे ती अकरा मुले पुढचे चार रविवार टेप घेऊन वाड्यात आली. खण मोजले, नकाशा काढला, आणि प्रत्येक जागेपुढे तिचे नाव लिहिले: दिंडी, देवडी, ओसरी, सोपा, माजघर, बळद, फडताळ, न्हाणी, पोटमाळा. बार्शीची मुलगी शेजारी तिच्याकडचे शब्द लिहीत गेली. त्या वहीत एकशे चाळीस शब्द झाले. आत्याने आणि बिऱ्हाडकरूंनी सांगितलेले असे की त्यांतले काही मला, मराठीच्या प्राध्यापकाला, ठाऊक नव्हते. वाचकहो, तुमच्या कुणाचा जुना वाडा किंवा चाळ उतरायची असेल तर एवढे जरूर करा. सामान हलवण्याआधी एक दिवस घरातल्या वडील माणसाला प्रत्येक खोलीत घेऊन जा आणि तिथे कशाला काय म्हणत ते लिहून घ्या. पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट त्या खांबाची. जुने सागवान उतरवणाराच घेऊन जातो, तसा रिवाजच आहे. ते मग कुठल्याशा उपाहारगृहात किंवा बंगल्यात जाऊन उभे राहते. आमच्या करारात एक कलम जादा घातले. खाच असलेला खांब त्याच्या तळखड्यासह नव्या इमारतीच्या प्रवेशदारात, त्याच उंचीवर, उभा करायचा. पाणी कुठवर आले होते ते खाली राहणाऱ्यांना कळायला हवे. आत्याला ते वाचून दाखवले. ती म्हणाली, "छान. आणि संडासात धरायला दांडा, तेही कलम घातलंस ना?" तेही घातले.

वाडा दिवाळीनंतर उतरणार आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आत्याला न्यायला गेलो, तर बिऱ्हाडांतली पोरे चौकात किल्ला करीत होती. मागच्या पडक्या भिंतीच्या चपट्या विटा त्यांनी आणल्या होत्या आणि बुरूज रचत होते. आत्या ओसरीवर बसून देखरेख करीत होती. एक पोरगा वीट खाली ठेवू लागला तशी ती ओरडली, "अरे, आधी दगड लाव खाली! वीट भिजली की बसते!"

पोराने वीट उचलली आणि आडापाशी जाऊन चांगले चार दगड शोधून आणले. किल्ला पुरा होईतो आम्ही दोघे तिथेच बसून राहिलो.